ईव्हीएम आतून कसं चालतं? बीडच्या तीन मशीन, 41 उमेदवार आणि आज्जीची तुतारी

निवडणूक आली की व्हॉट्सॲपवर दोन प्रकारचे मेसेज फिरायला लागतात. एकात लिहिलेलं असतं, "ईव्हीएम मोबाईलवरून हॅक होतं." दुसऱ्यात लिहिलेलं असतं, "ईव्हीएम हॅक होणं अशक्य आहे." मी सॉफ्टवेअर इंजिनिअर असल्यामुळे घरचे, गावचे सगळे मलाच विचारतात, यातलं खरं काय? कित्येक वर्षं मी दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळा व्हायचो. 13 मे 2024 ला बीड लोकसभेचं मतदान करायला गावी गेलो आणि लक्षात आलं की हा प्रश्नच अर्धवट आहे.

त्या दिवशी आज्जी माझ्यासोबत मतदानाला आली होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "तुतारी दिसली, दाबली." मी विचारलं, "तुतारी वाजवणारा माणूस होता का नुसती तुतारी?" ती म्हणाली, "आता येवढं कोण बघतंय बाबा, तुतारी होती."

हा प्रसंग लक्षात ठेवा. आधी मशीन समजून घेऊ, मग त्याच्याकडे परत येऊ.

ईव्हीएम म्हणजे तीन वेगळ्या पेट्या

1. बॅलट युनिट: ज्याच्यावर नावं, फोटो, चिन्हं आणि निळी बटणं असतात ते.
2. कंट्रोल युनिट: मतदान अधिकाऱ्याच्या टेबलावर असतं. मतं याच्या मेमरीत साठतात.
3. व्हीव्हीपॅट: चिठ्ठी छापणारा प्रिंटर. काचेतून चिठ्ठी दिसते आणि खाली पेटीत पडते.

ही यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या दोनच, बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया. दोन्ही सरकारी. तिन्ही पेट्यांत प्रत्येकी एक मायक्रोकंट्रोलर असतो. वॉशिंग मशीनमध्ये जसा एका ठरावीक कामापुरता छोटा मेंदू असतो, तसाच हा. यात विंडोज नाही, अँड्रॉइड नाही, वायफाय नाही, ब्लूटूथ नाही, सिमकार्ड नाही. पेट्या एकमेकींना केबलने जोडतात आणि सगळं बॅटरीवर चालतं. लाइट गेली तरी मतदान थांबत नाही.

बटण दाबल्यावर काय होतं?

अधिकारी कंट्रोल युनिटवरचं 'बॅलट' बटण दाबतो. मग बॅलट युनिटवर हिरवा दिवा लागतो, म्हणजे मशीन एका मतासाठी तयार आहे. तुम्ही निळं बटण दाबलं की त्याच्याशेजारी लाल दिवा लागतो आणि व्हीव्हीपॅटमध्ये चिठ्ठी छापली जाते. तिच्यावर उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह असतं. ती 7 सेकंद दिसते आणि पेटीत पडते. बीप वाजतो. अधिकाऱ्याने पुन्हा 'बॅलट' दाबल्याशिवाय दुसरं मत जात नाही.

इथे एक महत्त्वाची गोष्ट आहे. कंट्रोल युनिटला पक्ष माहीत नसतो, उमेदवाराचं नावही माहीत नसतं. त्याला फक्त बटणाचा नंबर कळतो. मशीन कारखान्यात बनतं तेव्हा पुढच्या निवडणुकीत पाचव्या बटणावर कोण असेल, हे कुणालाच माहीत नसतं. त्यामुळे 'अमुक पक्षाला मत जाईल असं कारखान्यातच सेट केलं' ही कल्पना तांत्रिकदृष्ट्या फार अवघड ठरते.

पण व्हीव्हीपॅटचं तसं नाही. चिठ्ठीवर नाव आणि चिन्ह छापायचं म्हणजे ते आत भरावं लागतं. उमेदवार ठरल्यावर 'सिम्बॉल लोडिंग युनिट' नावाच्या उपकरणातून ते भरतात. म्हणजे उमेदवार ठरल्यानंतर बाहेरची माहिती यंत्रात जाण्याचा एक रस्ता इथे आहे. म्हणूनच सुप्रीम कोर्टाने 26 एप्रिल 2024 च्या निकालात ही युनिट्सही सील करून निकालानंतर किमान 45 दिवस जपून ठेवायला सांगितली.

बीडला तीन मशीन का लागल्या?

एका बॅलट युनिटवर 16 जागा असतात. 2024 ला बीडमध्ये 41 उमेदवार होते. त्या टप्प्यात महाराष्ट्रात मतदान झालेल्या 11 मतदारसंघांत हा आकडा सगळ्यात मोठा. त्यात 'नोटा' धरला की 42. म्हणजे 16 + 16 + 10, अशी तीन बॅलट युनिट्स शेजारी शेजारी. सध्याच्या एम-3 मॉडेलला अशी 24 युनिट्स जोडता येतात, म्हणजे नोटासह 384 नावं. मशीनला 42 नावं काहीच नाहीत. माणसाला मात्र आहेत.

नावांचा क्रमही ठरलेला असतो. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे, आणि शेवटी अपक्ष. प्रत्येक गटात अक्षरांप्रमाणे. म्हणून प्रचारात कार्यकर्ते चिन्हाबरोबर "पहिल्या मशीनवर अमुक नंबरचं बटण" असं घोकून घेतात. डमी बॅलट युनिट घेऊन वस्त्यांवर फिरतात. प्रचाराचा शेवटचा टप्पा म्हणजे लोकांना हार्डवेअर वापरायला शिकवणं, हे मला त्या वेळी पहिल्यांदा जाणवलं.

तुतारीचा घोळ

त्या निवडणुकीत शरद पवारांच्या राष्ट्रवादीचं चिन्ह होतं 'तुतारी वाजवणारा माणूस'. आयोगाच्या मोफत चिन्हांच्या यादीत 'ट्रम्पेट' होतं आणि त्याचं मराठी नावही 'तुतारी'च दिलं होतं. बीडमध्ये हे चिन्ह एका अपक्षाला मिळालं.

निकाल काय लागला? बजरंग सोनवणे यांना 6,83,950 मतं, पंकजा मुंडे यांना 6,77,397. फरक फक्त 6,553 मतांचा. आणि त्या तुतारीवाल्या अपक्षाला 54 हजारांहून जास्त मतं! साताऱ्यात तर शशिकांत शिंदे 32,771 मतांनी हरले आणि तिथल्या ट्रम्पेटवाल्या अपक्षाला 37 हजारांवर मतं पडली.

यातली किती मतं चुकून गेली आणि किती ठरवून, हे कुठलंच यंत्र सांगू शकत नाही. मशीनने प्रत्येक मत बरोबर नोंदवलं असेल. ज्याने जे बटण दाबलं, त्याचीच चिठ्ठी पडली असेल. तरीही मतदाराच्या मनातलं आणि मशीनमधलं वेगळं असू शकतं. आमच्या क्षेत्रात याला यूझर इंटरफेसची चूक म्हणतात. ॲपमध्ये दोन बटणं सारखी दिसली तर लोक चुकणारच, आणि तेव्हा दोष यूझरचा नसतो.

पुढे ऑक्टोबर 2024 मध्ये, विधानसभेच्या तोंडावर, आयोगाने 'तुतारी वाजवणारा माणूस' हे चित्र ठळक करायला मान्यता दिली, पण ट्रम्पेट यादीतून काढलं नाही. सप्टेंबर 2025 मध्ये आयोगाने बॅलटवर उमेदवाराचा रंगीत आणि मोठा फोटो, ठळक क्रमांक असे बदल जाहीर केले. हे काम खरं तर फार आधी व्हायला हवं होतं.

मग हॅक होऊच शकत नाही का?

तसं म्हणता येत नाही. 2010 मध्ये हरी प्रसाद, ॲलेक्स हाल्डरमन आणि रॉप खोंखराइप यांच्या टीमने एक खरं भारतीय ईव्हीएम उघडून दाखवलं. त्यांनी निकालाच्या डिस्प्लेचा बोर्ड बदलून हवा तो आकडा दाखवला. मेमरीवर चिमट्यासारखं उपकरण लावून मतं बदलून दाखवली. पण दोन्हींसाठी मशीन हातात मिळावं लागतं, सील तोडावं लागतं, आणि निकाल फिरवायचा तर हे बऱ्याच मशीनवर करावं लागतं. ते मशीन जुन्या पिढीचं होतं आणि त्या वेळी व्हीव्हीपॅट नव्हतं.

म्हणून खरा प्रश्न 'मोबाईलवरून हॅक होतं का' हा नाही. 'मशीन कुणाच्या ताब्यात होतं आणि नंतर तपासलं का' हा आहे.

नेहमी विचारले जाणारे दोन प्रश्न

*मशीन फोडलं तर मतं जातात का?* 20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेच्या मतदानादिवशी परळी मतदारसंघातल्या घाटनांदूरला मतदान केंद्रात मशीनची तोडफोड झाली होती. अशा वेळी लक्षात ठेवा, मतं बॅलट युनिटमध्ये नसतातच. ती कंट्रोल युनिटच्या मेमरीत असतात, आणि बॅटरी काढली तरी ती मेमरी पुसली जात नाही. पेनड्राइव्हसारखंच.

*दिवसभर वापरूनही बॅटरी 99 टक्के कशी?* हरियाणाच्या निकालानंतर 2024 मध्ये हा प्रश्न गाजला. कंट्रोल युनिटचा पॉवर पॅक साध्या अल्कलाइन बॅटरीचा असतो. व्होल्टेज 7.4 च्या वर असेपर्यंत डिस्प्ले 99 दाखवतो, त्याच्या खाली गेलं की खरी टक्केवारी दाखवतो. कंट्रोल युनिट वीज फार कमी खातं, त्यामुळे कमी मतदान झालेल्या केंद्रावर 99 दिसणं शक्य आहे. गाडीचा पेट्रोलचा काटा टाकी फुल असताना बराच वेळ हलत नाही, तसंच.

तपासणी किती पुरेशी?

आता माझी खरी शंका. नियमाप्रमाणे प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या 5 व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजतात. बीड लोकसभेत गेवराई, माजलगाव, बीड, आष्टी, केज आणि परळी अशी सहा क्षेत्रं आहेत. म्हणजे एकूण 30.

थोडं गणित करू. समजा एकूण 2,000 मशीन आहेत आणि त्यातल्या 10 टक्क्यांत गडबड आहे. चिठ्ठी टाकून निवडलेल्या 30 मध्ये किमान एक गडबडीचं मशीन सापडण्याची शक्यता सुमारे 96 टक्के. छान! पण 6,553 चा फरक उलटवायला 3,277 मतं इकडची तिकडे केली तरी पुरतात. मशीनमागे 100 मतं धरली तर 33 मशीन झाल्या. अशा वेळी 30 च्या तपासणीत ती सापडण्याची शक्यता फक्त 39 टक्क्यांच्या आसपास.

बीडमध्ये असं झालं असं मी म्हणत नाही. तसा कुठलाही पुरावा नाही. देशभरात 4 कोटींहून जास्त चिठ्ठ्या जुळवून पाहिल्या आणि एकाचं मत दुसऱ्याला गेल्याचं एकही उदाहरण सापडलं नाही, असं आयोगाने कोर्टात सांगितलं आहे. माझं म्हणणं एवढंच की फरक जितका कमी, तितका नमुना मोठा हवा. सगळीकडे 5 हा आकडा सारखा ठेवणं इंजिनिअर म्हणून मला पटत नाही.

सुप्रीम कोर्टाने 100 टक्के चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली, पण चिठ्ठ्या मशीनने मोजता येतील का, त्यासाठी चिन्हासोबत बारकोड छापता येईल का, हे तपासायला सांगितलं. शिवाय दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पैसे भरून 5 टक्के मशीनच्या मायक्रोकंट्रोलरची तपासणी मागता येते. शेजारच्या अहमदनगरमध्ये लोकसभेनंतर सुजय विखे पाटील यांनी 40 केंद्रांसाठी असा अर्ज केला होता. त्या वेळचं शुल्क एका संचाला 40,000 रुपये अधिक जीएसटी.

तुम्ही काय करू शकता?

- बटण दाबल्यावर लगेच निघू नका. 7 सेकंद चिठ्ठी बघा.
- चिठ्ठीवर चुकीचं नाव दिसलं तर केंद्राध्यक्षाला तिथेच सांगा. लेखी द्यावं लागतं, मग सगळ्यांसमोर चाचणी मत घेतात. तक्रार खोटी निघाली तर शिक्षा होऊ शकते, म्हणून खात्री असेल तरच करा.
- पोलिंग एजंट व्हा. मतदानाआधी एजंटांसमोर किमान 50 मतांचं मॉक पोल होतं. मतदान संपल्यावर एजंटला फॉर्म 17सी ची प्रत मिळते, तिच्यावर त्या मशीनमधल्या एकूण मतांचा आकडा असतो. मोजणीच्या दिवशी तो जुळवून पाहा. एवढ्या स्वस्तात यापेक्षा चांगली तपासणी नाही.
- नजर अधू असल्यामुळे किंवा अपंगत्वामुळे कुणाला चिन्ह ओळखता येत नसेल, तर निवडणूक नियम 49 एन प्रमाणे 18 वर्षांवरचा एक सोबती आत नेता येतो. सोबत्याला मत गुप्त ठेवण्याचं लिहून द्यावं लागतं.

हा शेवटचा नियम मला 13 मे नंतर कळला. आज्जीच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. मी केंद्राबाहेर उभा राहून मित्राला मायक्रोकंट्रोलर समजावून सांगत होतो, आणि ती आत एकटी तीन मशीनवरच्या 42 बटणांपुढे उभी होती. तिचं मत तिला हवं तिथेच गेलं का, हे आता तिलाही सांगता येत नाही. पुढच्या वेळी मी केंद्राध्यक्षांना विचारून तिच्यासोबत आत जाणार आहे. तुमच्या घरात अशी आज्जी असेल तर तुम्हीही जा.