इनामगावचा डाउनग्रेड

सायन्स फिक्शनवाल्यांचा एक लाडका प्रश्न आहे. अवकाशात माणसाने बांधलेली वसाहत, आतली संस्कृती कोसळली, तर उरलेले लोक तंत्रज्ञान पुन्हा कसं उभं करणार? जेरार्ड ओनील यांनी १९७४ साली अशा वसाहतींची कल्पना आकडेमोडीसकट मांडली, पण ती अजून कागदावरच आहे. कोसळण्याची केस स्टडी मात्र आपल्या पुणे जिल्ह्यात सापडते! मी राहतो त्या नेऱ्यापासून जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी. इनामगाव.

डेक्कन कॉलेजने इथे १९६८ ते १९८३ दरम्यान उत्खनन केलं. सांकलिया, अन्सारी, ढवळीकर अशी दिग्गज मंडळी त्यात होती. इ.स.पू. १४०० नंतर इथे ऐसपैस चौकोनी घरं होती, चाकावर घडवून भट्टीत पक्की भाजलेली जोर्वे भांडी होती, तांब्याच्या वस्तू होत्या आणि पाण्यासाठी चक्क कालवा नि बांध होता. इ.स.पू. १००० नंतर चित्र पालटलं. छोट्या गोल झोपड्या, ओबडधोबड भांडी. शेती आटली, शेळ्यामेंढ्या आणि शिकार यांवर भिस्त वाढली. लहान मुलांच्या हाडांत वाढ खुंटल्याच्या खुणा आहेत. इ.स.पू. ७०० च्या सुमारास गाव उठलं.

ढवळीकरांच्या मते पाऊस कमी झाला. यावर अभ्यासकांत वाद आहेत. पण आपल्यासारख्यांना यात एक गोष्ट लगेच कळते. लोक कालवा खणायचं विसरले म्हणून काही गाव बुडालं नसणार. नदीला पाणीच नसेल तर कालव्याचं करायचं काय? कुंभाराला पोसायला जास्तीचं धान्य लागतं. तांबं तर बाहेरूनच यायचं. म्हणजे नुसतं मॅन्युअल जपून सिस्टिम चालू होत नाही.

तरीही हे लोक सुमारे ३०० वर्षं टिकले, कारण खालची पायरी शिल्लक होती. रानात शेळी चरत होती, हवा फुकट होती. पुढे दख्खनेत पैठण, जुन्नरसारखी शहरं उभी राहिली तीही जुन्या बॅकअपवरून नव्हे, तर लोखंड आणि दूरच्या व्यापाराच्या जोरावर. अवकाशातल्या बंद डब्यात मात्र हवासुद्धा यंत्रच पुरवणार. तिथे खालची पायरी आधीच बांधून ठेवावी लागेल.

अवकाशाचं राहू द्या. टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या आपल्या बारा-बारा मजली सोसायट्यांची खालची पायरी कुठली, हे कुणी सांगेल का?