तर, तम आणि तारतम्य

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात भिलाई, राउरकेला आणि दुर्गापूर येथे सरकारी मालकीचे तीन पोलाद कारखाने उभे राहिले. आरंभी प्रत्येकाची वार्षिक क्षमता सारखीच, म्हणजे १० लक्ष टन पोलादाची, ठरविलेली होती. त्या वेळी भिलाईच्या एखाद्या विद्यार्थ्याला या तिघांची इंग्रजीत तुलना करावयास सांगितली असती, तर 'बिग' या विशेषणाला कोणताही प्रत्यय लावण्याचे कारण पडले नसते. पुढे १९६७ साली भिलाईची क्षमता २५ लक्ष टनांवर गेली. राउरकेला १८ लक्षांच्या आणि दुर्गापूर १६ लक्षांच्या टप्प्याला पोहोचले, आणि व्याकरणाला एकदम काम मिळाले. राउरकेला दुर्गापूरहून 'बिगर' झाले आणि भिलाई तिघांत 'बिगेस्ट' ठरले. मराठी कानाला 'बिगर' म्हणजे 'वाचून' किंवा 'विना'. तेव्हा हा मोठेपणा त्याला प्रथम थोडा चमत्कारिकच वाटावा.

भिलाईत मराठी माणूस परका नव्हता. अठराव्या शतकात छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली आले. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाल्यावरही नागपूरशी असलेला कारभाराचा संबंध तुटला नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी या कारखान्यासंबंधी सोव्हिएत संघाशी करार झाला, तेव्हा भिलाई ज्या राज्यात होते त्याची राजधानी नागपूरच होती, आणि हिंदीबरोबर मराठीलाही तेथे राज्यभाषेचे स्थान होते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तोपर्यंत राज्यपुनर्रचनेने नागपूर मुंबई राज्यात गेले होते, आणि भिलाईतील मराठी कुटुंबे एका हिंदी राज्याची रहिवासी झाली होती. घरी मराठी, बाजारात छत्तीसगढी आणि हिंदी, तंत्रज्ञांच्या तोंडी रशियन आणि बढतीच्या कागदावर इंग्रजी, असा तो संसार होता.

या संसारातील मुलाला इंग्रजी विशेषणाच्या तीन पायऱ्या शिकविताना एक समज नकळत त्याच्या मनात रुजत असे. इंग्रजीत 'टॉल, टॉलर, टॉलेस्ट' अशी रूपे होतात. मराठीत 'उंच' हा शब्द उंचच राहतो. तेव्हा आपल्या भाषेत काही उणे आहे, हा तो समज. त्याला जुना आधारही होता. फ्रीड्रिख श्लेगेल या जर्मन पंडिताने १८०८ सालीच प्रत्ययांनी रूपे बदलणाऱ्या भाषांना वरचे आसन दिले होते.

इतिहास मात्र निराळे सांगतो. इंग्रजीतील 'एस्ट' आणि संस्कृतातील 'इष्ठ' हे प्रत्यय एकाच कुळातले आहेत. इंग्रजी 'स्वीटेस्ट' आणि संस्कृत 'स्वादिष्ठ' हे शब्द मुळापासून प्रत्ययापर्यंत सख्खी भावंडे आहेत. तुलनेचा 'अर', संस्कृतचा 'ईयस्' आणि रशियन 'बोल्शे', म्हणजे 'अधिक', यातील 'शे' यांचेही मूळ एकच. ज्या शब्दावरून १९०३ साली बोल्शेविक पक्षाचे नाव पडले, तो शब्द तुलनादर्शक रूपाचाच वंशज आहे. 'गुड' म्हटल्यावर 'गुडर' न होता 'बेटर, बेस्ट' का होते, याचा विद्यार्थ्याला राग येतो. परंतु पाणिनीनेही असाच प्रकार नोंदविलेला आहे. 'प्रशस्य' या शब्दाला हे प्रत्यय लागताना मूळ शब्दच बदलतो आणि 'श्रेयस्' व 'श्रेष्ठ' ही रूपे होतात, असे त्याने सांगितले. दोघांतील तुलनेसाठी 'तर' किंवा 'ईयस्' आणि अनेकांतील अतिशयासाठी 'तम' किंवा 'इष्ठ', ही वाटणीही त्याचीच.

मराठीने ही दौलत गमावली नाही. तिने ती निराळ्या कामास लावली. स्वादिष्ट पदार्थ आता सर्वांत गोड असावा लागत नाही, चवदार असला म्हणजे पुरे. 'श्रेष्ठ' शब्दातला अतिशय झिजला, म्हणून 'सर्वश्रेष्ठ' आणि 'श्रेष्ठतम' म्हणण्याची पाळी आली. कचेरीतील गंमत तर याहून मोठी आहे. 'ज्युनियर' आणि 'सीनियर' ही लॅटिनमधील तुलनादर्शक रूपे. त्यांच्यासाठी आपण योजलेले 'कनिष्ठ' आणि 'वरिष्ठ' हे शब्द मात्र तमभावाचे. व्याकरणाने पाहिले तर प्रत्येक कनिष्ठ अभियंता हा जगातील सर्वांत धाकटा अभियंता ठरतो! तो बिचारा तसे मानीत नाही, आणि त्याचे वरिष्ठही मानीत नाहीत, हे भाषेचे शहाणपण.

दुहेरी अतिशयाचा हा मोह इंग्रजीलाही होता. शेक्सपिअरच्या काळी 'मोस्ट' आणि 'एस्ट' एकाच विशेषणाला जोडणे अशिष्ट समजले जात नव्हते. रॉबर्ट लोथ याने १७६२ च्या व्याकरणात त्याला दोष दिला. लिंडले मरे याने १७९५ च्या आपल्या पुस्तकात तोच कित्ता गिरविला. हेच मरेचे पुस्तक दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्यापुढे होते, आणि १८३६ साली निघालेल्या त्यांच्या मराठी व्याकरणावर त्या इंग्रजी साच्याची छाप पडली. आपल्या शाळांतून 'मोअर बेटर' लिहिणाऱ्यास जी छडी बसे, तिचे लाकूड असे अठराव्या शतकातील लंडनचे होते.

मराठीची स्वतःची रीत साधी आहे. 'त्याहून मोठा' म्हणताना 'हून' हा प्रत्यय एका ठिकाणापासून निघाल्याचे सांगतो. त्याच्यापासून मोजावयास लागले तर हा मोठा. हिंदीतील 'से' आणि छत्तीसगढीतील 'ले' हेच करतात. 'पेक्षा' हे 'अपेक्षा' या संस्कृत शब्दाचे झिजलेले रूप; एकाकडे पाहिले असता दुसरा कसा दिसतो, हा त्याचा मूळ भाव. जुन्या मराठीत आणि खेड्यातील बोलीत 'परीस'ही आहे. विशेषण आपल्या जागी स्थिर राहते आणि तुलनेचा भार नामावर पडतो. इंग्रजीसुद्धा गेली कित्येक शतके लांब विशेषणांना प्रत्यय न लावता 'मोअर' आणि 'मोस्ट' हे स्वतंत्र शब्द जोडीत आली आहे. म्हणजे तीही अर्धी वाट याच दिशेने चाललेली आहे.

'तर' आणि 'तम' हे दोन प्रत्यय जोडून मात्र मराठीने एक शब्द जपला, आणि त्याचा अर्थ केवळ कमी-अधिक असा ठेवला नाही. कशाला किती महत्त्व द्यावे हे ज्याला कळते, त्याच्या अंगी 'तारतम्य' आहे असे ती म्हणते.