मोरोपंतांचा अर्ज

परवा इंदापूरचा भाचा नोकरीचा अर्ज दाखवायला आला. ‘कष्टाळू, प्रामाणिक, होतकरू’ अशी विशेषणांची आरास! मी म्हटले, “अरे, ही तर शेजाऱ्याच्याही अर्जात असतील.” आणि मला बारामतीचे मोरोपंत आठवले.

पन्हाळ्यास १७२९ साली जन्मलेले हे पराडकर कऱ्हेकाठी बाबूजी नाईकांच्या आश्रयास आले आणि १७९४ साली मरेपर्यंत तिथेच राहिले. पुराण सांगणारे त्या काळी गावोगाव होते. मग पंतांचे वेगळेपण कशात? सारे महाभारत त्यांनी आर्येत उतरवले. रामायणे तर कितीतरी रचली, आणि नवनव्या अटी घालून! निरोष्ठ रामायणात ओठाला ओठ लागेल असे अक्षरच नाही. म्हणजे रामकथा सांगायची, पण ‘राम’ म्हणायचे नाही! ‘मी विद्वान आहे’ हे वेगळे सांगायची गरजच उरली नाही.

भाचा गप्प झाला. मग हळूच म्हणाला, “मामा, बाबा आजारी होते तेव्हा आठ महिने आडतीची कीर्द-खतावणी मीच सांभाळली. पण त्यात काय सांगायचे?”

“वेड्या, दिवाळीत ज्या वह्यांची पूजा करतोस, त्याच अर्जात लपवतोस?”