डोंगरीची निळाई

घाटाखालच्या आपल्या मुलुखात रेल्वेच्या आणि कारखान्याच्या कामगाराचा निळा पोशाख ‘डांगरी’ या नावाने सर्वांच्या ओळखीचा आहे. मुंबईच्या डोंगरीत मिळणाऱ्या जाड्याभरड्या कापडाचे नाव इंग्रजांनी उचलले, त्याचे ‘डंगरी’ केले आणि तेच आपल्याकडे कामाच्या पोशाखाबरोबर परत आले, असे मानतात. घरचीच वस्तू, पण साहेबाच्या उच्चारात! खालापूर तालुक्याचे कापडाशी नाते तर १९१५ पासूनचे. त्या वर्षी सुरू झालेल्या खोपोलीच्या वीजघराने मुंबईच्या गिरण्यांच्या चात्या फिरवल्या.

डांगरीची चुलत बहीण म्हणजे जीन. १८७३ साली लेवी स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस नावाचा शिंपी यांनी अमेरिकेत खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याचे रिबीट ठोकण्याचे पेटंट घेतले. अंगमेहनतीच्या माणसाचे खिसे उसवू नयेत, एवढाच हेतू.

तिच्या रंगाची गंमत मात्र निळीत आहे. हौदातून सूत बाहेर येते तेव्हा हिरवट-पिवळे असते; हवा लागली की निळे होते. कितीदा बुडवले तरी रंग सुताच्या सालीवरच बसतो, गाभा पांढरा राहतो. ताणा असा निळा, बाणा पांढरा. म्हणून कापड जिथे घासते तिथे आतला पांढरा वर येतो. शौकीन लोक खळीची कोरी जीन महिनोन्‌महिने धूतच नाहीत. खळीने चुण्या जागच्या जागी राहतात, त्यांच्या माथ्यावरचा रंग उडतो, खोबणीतला टिकतो. गुडघ्यामागे मधाच्या पोळ्यासारखी नक्षी उठते, खिशावर किल्ल्यांचा ठसा. घरची मंडळी याला आळस म्हणतील, आणि घामाचा वास आला तर त्यांचे फारसे चुकणार नाही. शेडमधल्या फिटरला ही चैन कुठली? ऑइलने माखलेली डांगरी आठवड्याला धुवावीच लागते. ती सगळीकडून सारखीच विटते.

पण अंगावर झिजवायला वेळ लागतो, आणि बाजाराला वेळ नसतो. तेव्हा नव्या जीनवर दाबाच्या हवेने वाळूचा मारा करून ती जुनी करण्याची पद्धत निघाली. तुर्कस्तानातल्या छोट्या कारखान्यांत ही वाळू तरण्या मजुरांच्या छातीत गेली. दगडफोड्याला सिलिकोसिस जडायला सहसा कित्येक वर्षे लागतात. यांतल्या अनेकांना तो थोड्याच वर्षांत जडला आणि काही जण दगावले. २००९ साली तिथल्या सरकारने या वाळूमाऱ्यावर बंदी घातली. तेच काम आता लेसरनेही होते, पण यंत्राला भांडवल लागते. बंदीनंतर वाळूचे काही काम चीन आणि बांगलादेशाकडे सरकले.