सामाजी आणि शमुवेल : एका हिब्रू नामाचे कोकणी रूप

मुंबईतील पहिले सिनेगॉग सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये स्थापन केले. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील या बेने इस्रायली अधिकाऱ्याचे संपूर्ण नाव वरवर पाहता कोकणातील कोणत्याही मराठी गृहस्थाचे वाटावे असे आहे. प्रत्यक्षात त्यातील पहिली दोन नामे हिब्रू बायबलमधील असून इंग्रजी साधनांत हीच व्यक्ती सॅम्युएल इझिकिएल दिवेकर या नावाने येते.

मूळ हिब्रू रूप 'श्मुएल'. मराठी बायबलात ते 'शमुवेल' असे लिहिले जाते. 'शेम' म्हणजे नाव आणि 'एल' म्हणजे देव. त्यावरून 'देवाचे नाव' असा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. बायबलमधील कथेत मात्र हन्ना ही माता पुत्राचे नाव 'मी त्याला परमेश्वरापाशी मागितले' या कारणाने ठेवते. 'मागणे' या अर्थाचा हिब्रू धातू 'शाऊल' या नामाशी अधिक जुळतो, ही विसंगती अभ्यासकांनी नोंदविली आहे. 'हसाजी'चे मूळ 'यहेज्केल' असून त्याचा अर्थ 'देव बळ देतो' असा होतो.

दोन्ही नामांच्या मराठी रूपांत एक समान प्रक्रिया आढळते. देववाचक 'एल' हा अंत्य घटक गळून पडतो आणि त्याच्या जागी 'जी' हा आदरार्थी प्रत्यय येतो. अर्थाच्या दृष्टीने पाहिले तर नामाचा गाभाच हरपला, असे म्हणता येईल. परंतु शनिवार पाळणारे तेली म्हणून 'शनवार तेली' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या समाजाने हीच नामे पिढ्यानपिढ्या मुलांना ठेवली. अर्थाची स्मृती पुसट झाली असली तरी परंपरेची स्मृती नामाने राखली.

एकोणिसाव्या शतकात मिशनरी शाळा व कोचीनचे ज्यू शिक्षक यांच्यामुळे हिब्रूचे अध्ययन वाढले. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण सिद्ध केले. पुढे 'सामाजी' मागे पडून 'सॅम्युएल' रूढ झाले. या बदलाकडे मूळ रूपाकडे परतणे म्हणून पाहणे सयुक्तिक नाही. 'सॅम्युएल' हे ग्रीक व लॅटिनमार्गे इंग्रजीत आलेले रूप आहे; 'सामाजी' जितके मराठी, तितकेच ते इंग्रजी.

इस्रायलमध्ये या समाजाच्या ज्यूपणाविषयी शंका घेतली गेली आणि १९६४ मध्ये क्नेसेटने त्याला समान दर्जाचे ज्यू म्हणून मान्यता देणारा ठराव केला. त्या वादाच्या पार्श्वभूमीवर 'सामाजी'सारख्या नामाचे मोल लक्षात येते. वंशाचा पुरावा म्हणून ते पुरेसे नाही; मात्र मराठी होणे आणि इस्रायली राहणे यांत कोकणातील या समाजाने विरोध मानला नव्हता, याची साक्ष ते निश्चित देते.