उपकरण खरेच तयार आहे का?

संगणकाला जोडलेले प्रत्येक उपकरण चालविण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टीमला एका मध्यस्थ प्रोग्रामची गरज असते. त्याला डिव्हाइस ड्रायव्हर म्हणतात. उपकरण ओळखणे, त्यासाठी मेमरी व इंटरप्ट राखून ठेवणे, ते रीसेट करणे आणि ते तयार झाल्याची खात्री करून घेणे ही ड्रायव्हरची आरंभीची कामे होत. यांपैकी कोणतीही पायरी फसू शकते. म्हणून प्रत्येक पायरीनंतर तपासणी आवश्यक ठरते.

पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये साकारलेला ‘परम ८०००’ हा महासंगणक ट्रान्सप्युटर या प्रोसेसरांवर आधारलेला होता. दुव्यावरून सुरू होणारा ट्रान्सप्युटर रीसेटनंतर पहिल्या बाइटची वाट पाही. तो बाइट ० असल्यास दिलेल्या पत्त्यावर संख्या लिहिली जाई, १ असल्यास तेथील संख्या परत येई आणि त्याहून मोठा असल्यास तितक्या बाइटचा प्रोग्राम स्वीकारला जाई. अर्थात, प्रोग्राम धाडण्याआधीच मेमरी तपासण्याची सोय होती. मात्र प्रत्येक बाइटची पोच आल्याशिवाय पुढचा बाइट जात नसे. समोरचा प्रोसेसर बंद असल्यास पाठविणारा प्रोग्राम कायमचा ताटकळत राही. अशा प्रतीक्षेला कालमर्यादा घालणे, हाच त्यावरील उपाय.

शांततेइतकेच फसवे असते ते खोटे उत्तर. पीसीआय जोडणीवरील कार्ड निखळले असेल, तर त्याचे रजिस्टर वाचताना सामान्यतः सर्व बिट १ मिळतात. ‘तयार’ दर्शविणारा बिट १ झाला का, एवढेच पाहणारा ड्रायव्हर मग नसलेल्या कार्डालाही तयार समजतो. त्यामुळे मिळालेली संख्या संभवनीय आहे का, हेही पाहावे लागते.

चूक आढळल्यावर नुसते थांबून भागत नाही. तोवर राखून ठेवलेली साधने उलट्या क्रमाने मोकळी करून त्रुटीचा संकेत वर कळवावा, असा लिनक्समधील शिरस्ता आहे. तसे न केल्यास मेमरी व इंटरप्ट विनाकारण अडकून राहतात.

बहुतेक ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातच चालत असल्याने एकाची चूक संपूर्ण संगणक बंद पाडू शकते. विंडोज एक्सपीच्या त्या काळी नोंदल्या गेलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्क्यांचे मूळ ड्रायव्हरमध्ये होते, असे वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये नमूद केले होते. आरंभीच्या तपासणीत वाचविलेल्या चार ओळी पुढे किती महाग पडू शकतात, हे यावरून लक्षात यावे.