‘सूचना’, ‘जाहिरात’ आणि ‘अनुमती’ : संगणकावरील अनिष्ट जाहिरातींच्या निर्मूलनाचा इतिहास

मराठी परिभाषेच्या इतिहासात रत्नागिरीस एक विशिष्ट स्थान आहे. १९२४ ते १९३७ ह्या स्थानबद्धतेच्या काळात विनायक दामोदर सावरकरांनी ह्याच शहरातून भाषाशुद्धीची चळवळ चालविली. त्या चळवळीने पुरस्कारिलेले ‘दिनांक’, ‘क्रमांक’, ‘महापौर’ असे शब्द आज कोणासही परके वाटत नाहीत. त्या वादाचा मुख्य प्रश्न शब्दाच्या कुळाचा होता. ‘परवानगी’ फारसी, ‘अनुमती’ संस्कृत. तेव्हा दोहोंपैकी कोणता शब्द घ्यावा, अशा स्वरूपाचा तो प्रश्न. आज त्याच शहरातील एखाद्या घरात, महाविद्यालयात किंवा पेढीवर संगणक उघडला असता पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक लहानशी चौकट प्रकट होते आणि कोणते तरी संकेतस्थळ ‘सूचना’ दाखविण्याची ‘अनुमती’ मागते. दोन्ही शब्दांचे कूळ निर्दोष आहे. तथापि त्यांच्या आडून जे येते ते पुष्कळदा केवळ जाहिरात असते, आणि जी अनुमती दिली जाते ती देणाऱ्यास आपण दिली हे ठाऊकही नसते. शब्दाचे कूळ शुद्ध असले म्हणून त्याचा व्यवहार शुद्ध राहतोच असे नाही, हे ह्या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

संगणकावरील अनिष्ट जाहिरातींचा जवळजवळ पन्नास वर्षांचा इतिहास हा वस्तुतः संमतीच्या विकृतीचा इतिहास आहे. प्रथम संमती विचारलीच जात नसे. नंतर ती दुसऱ्या वस्तूच्या पोटात दडवून घेतली जाऊ लागली. आणि शेवटी ती उघडपणे, परंतु कपटाने, मागितली जाऊ लागली. ह्या तीन अवस्था ध्यानात घेतल्यावाचून निर्मूलनाचे उपाय का पालटत गेले, आणि कालचा उपाय आज का लागू पडत नाही, ह्याचा उलगडा होत नाही.

आरंभी दोन शब्दांचा भेद पाहणे इष्ट होईल. ‘जाहिरात’ ह्या शब्दाच्या मुळाशी असलेल्या अरबी ‘जाहिर’ शब्दाचा अर्थ ‘उघड’ असा आहे. जाहिरात करणारा आपला हेतू लपवीत नाही. माल विकावयाचा आहे हे तो चारचौघांत सांगतो. ‘सूचना’ ह्या शब्दाचा भाव निराळा. सूचनाफलक शाळेचा किंवा कचेरीचा असतो, जाहीर सूचना नगरपरिषदेची असते, अधिसूचना शासनाची असते. सूचना म्हटली की तिच्यामागे काही अधिकार आणि ऐकणाऱ्याचे काही हित गृहीत धरले जाते. गावात दवंडी पिटली जाई तेव्हा ती कोणाच्या हुकुमाने हे ऐकणारास कळत असे. वृत्तपत्रांनीही बातमी व जाहिरात ह्यांच्यामध्ये रेघ आखण्याचा संकेत पाळला. ही रेघ पुसली गेली म्हणजे काय होते, हे कोकणातील वाचकास निराळे सांगावयास नको. परप्रांतीचा आंबा रत्नागिरीची मोहोर असलेल्या पेटीत भरला की गिऱ्हाईक फसते. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली ती नाव आणि माल ह्यांचा संबंध कायम राहावा म्हणूनच. संगणकावरील प्रस्तुत प्रकारात जाहिरातीचा माल सूचनेच्या पेटीतून येतो.

पहिल्या अवस्थेचा आरंभ साधारणतः ३ मे १९७८ ह्या दिवसापासून धरला जातो. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ह्या अमेरिकन कंपनीतील गॅरी थुर्क ह्यांनी त्या दिवशी आपल्या नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण अर्पानेट ह्या जाळ्यावरील सुमारे ४०० जणांस एकाच वेळी पाठविले. जाळे संशोधनासाठी होते. त्यामुळे तक्रारी झाल्या. १२ एप्रिल १९९४ रोजी कँटर व सीगल ह्या वकील दांपत्याने अमेरिकेतील वास्तव्य-परवान्याच्या सोडतीसंबंधीची आपली जाहिरात यूजनेटवरील ५,००० हून अधिक चर्चागटांत टाकली, आणि ‘स्पॅम’ हा शब्द सर्वतोमुखी झाला. १९३७ पासून विकल्या जाणाऱ्या एका डबाबंद मांसाचे हे नाव. १९७० मधील एका ब्रिटिश विनोदी प्रवेशात ते इतक्या वेळा उच्चारले जाते की बाकीचे संभाषण त्यात बुडून जाते. नव्या अर्थाचा उगम तेथे आहे. ह्या अवस्थेतील उपाय निवडण्याचा होता. २००२ मध्ये पॉल ग्रॅहम ह्यांनी पत्रातील शब्दांच्या वारंवारतेवरून ते पत्र टाकाऊ आहे की काय हे संभाव्यतेने ठरविण्याची पद्धत विस्ताराने मांडली, आणि टपालाची चाळणी पुष्कळ सुधारली. पत्र येत राहिले, पण ते दाराबाहेर थोपविता येऊ लागले.

दुसऱ्या अवस्थेत जाहिरात घरात शिरली. फुकट मिळणाऱ्या एखाद्या उपयुक्त आज्ञावलीबरोबर दुसरी एक आज्ञावली संगणकावर बसविली जाई. तिचा उल्लेख लांबलचक करारात कोठे तरी असे आणि मान्यतेची खूण आधीच केलेली असे. तिलाच ‘ॲडवेअर’ हे नाव पडले. गेटर ही आज्ञावली त्या काळी बरीच कुप्रसिद्ध झाली. ती संकेतशब्द लक्षात ठेवण्याची सोय देई, आणि त्याबरोबर दुसऱ्यांच्या पृष्ठांवर आपल्या जाहिराती झळकवी. २००२ मध्ये अमेरिकेतील वृत्तपत्र-प्रकाशकांनी तिच्या चालकांवर दावा लावला. पुढल्या वर्षी तडजोड झाली आणि कंपनीने आपले नावच बदलले. शत्रू घरात असल्यामुळे उपाय झडतीचा झाला. १९९९ मधील ॲड-अवेअर, त्यानंतरची स्पायबॉट ही साधने संगणक धुंडाळून अशा आज्ञावली काढून टाकीत. २००४ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने ह्याच जातीचे एक साधन विकत घेतले व त्यातून विंडोज डिफेंडर सिद्ध झाला. आपोआप उघडणाऱ्या जाहिरातींच्या खिडक्या अडविण्याची सोयही ह्याच वर्षी विंडोज एक्सपीच्या सुधारित आवृत्तीबरोबर सर्वसामान्यांच्या हाती आली.

भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सार्वजनिक इंटरनेट-सेवा प्रथम मोठ्या शहरांत सुरू केली. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणकाची ओळख जिल्ह्याजिल्ह्यांत नेली. युनिकोड प्रणालीत देवनागरीचा समावेश १९९१ पासूनच होता. पुढे ब्राउझरही मराठीत बोलू लागले. ह्या भाषिक प्रगतीची दुसरी बाजू अशी की फसवी वाक्येही मराठीत येऊ लागली. इंग्रजी मजकूर न कळल्यामुळे पूर्वी जो वाचक काही न करता थांबे, तो आता स्वतःच्या भाषेतील आर्जव वाचून कळ दाबू लागला.

तिसऱ्या अवस्थेचे साधन म्हणजे ब्राउझरमधील नोटिफिकेशन. एप्रिल २०१५ मध्ये क्रोमने, आणि जानेवारी २०१६ मध्ये फायरफॉक्सने, संकेतस्थळांस अशा सूचना पाठविण्याची सोय करून दिली. मूळ हेतू चांगला होता. टपाल आले, बैठकीची वेळ झाली, हे पृष्ठ बंद असतानाही कळावे, एवढाच तो होता. परंतु एकदा ‘अनुमती द्या’ ही कळ दाबली गेली की ती संमती ब्राउझरच्या दप्तरी नोंदली जाते व मागे घेईपर्यंत टिकते. ह्याचा लाभ उठविणारी संकेतस्थळे ‘आपण यंत्र नसल्याचे सिद्ध करण्यासाठी कळ दाबा’, ‘चित्रफीत पाहण्यासाठी कळ दाबा’ अशी वाक्ये त्या चौकटीशेजारी मांडतात. चौकटीतील प्रश्न एक, शेजारचे वाक्य दुसरेच; उत्तर मात्र दोहोंस मिळून एकच. मग थोड्या अवकाशाने पडद्यावर ‘तुमच्या संगणकात विषाणू सापडला आहे’ अशी भीती घालणारी सूचना नामांकित विषाणूरोधक कंपनीच्या बोधचिन्हासह झळकू लागते. घाबरलेला वृद्ध गृहस्थ किंवा छोटा दुकानदार दाखविलेल्या दुव्यावर पैसे भरतो, अथवा दिलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करून परक्याच्या हाती आपला संगणक सोपवितो. हानी केवळ त्रासापुरती मर्यादित राहत नाही ती ह्यामुळे.

मोझिलाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अशा विनंत्यांपैकी सुमारे ९९ टक्के विनंत्या स्वीकारल्या जात नसल्याचे, व ४८ टक्के स्पष्टपणे नाकारल्या जात असल्याचे आढळले. त्यानंतर जानेवारी २०२० मध्ये फायरफॉक्सने आणि पुढील महिन्यात क्रोमने ही चौकट सौम्य करण्यास आरंभ केला. ऑक्टोबर २०२५ मध्ये क्रोमने वापरात नसलेल्या संकेतस्थळांची अनुमती आपण होऊन काढून घेण्याची योजना जाहीर केली.

निर्मूलनाच्या दृष्टीने ह्या तिसऱ्या अवस्थेचा विशेष असा की येथे झडतीत काहीच सापडत नाही. संगणकात उपरी आज्ञावली नसते; असते ती वापरणाऱ्याची स्वतःची संमती. ती मागे घेणे हाच उपाय. त्यासाठी ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये गोपनीयता व सुरक्षा ह्या विभागात संकेतस्थळांची सेटिंग्ज उघडून नोटिफिकेशनची यादी पाहावी, आणि अनोळखी नावे काढून टाकावी वा अडवावी. जी संकेतस्थळे नित्य लागतात तेवढीच ठेवावी. त्यानंतरही जाहिराती येत राहिल्यास दुसऱ्या अवस्थेचा रोग आहे असे समजून ब्राउझरची अनोळखी एक्स्टेन्शन, संगणकावर बसविलेल्या आज्ञावलींची यादी, मुखपृष्ठ व शोधयंत्र ही क्रमाने तपासावी. शेवटी विषाणूरोधकाकडून झडती घ्यावी. केंद्र शासनाच्या २१ फेब्रुवारी २०१७ रोजी सुरू झालेल्या सायबर स्वच्छता केंद्राची साधने ह्या कामी विनामूल्य मिळतात. सूचनेतच दिलेली ‘स्वच्छ करा’ ही कळ मात्र कदापि दाबू नये. पैसे गेलेच असतील तर १९३० ह्या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

कायद्याची वाटचालही ह्याच क्रमाने झालेली दिसते. २००७ मध्ये दूरध्वनीवरील जाहिरातींसाठी जी राष्ट्रीय नोंदवही निर्माण झाली, तीत नको म्हणणाऱ्याने आपले नाव नोंदवावयाचे होते. म्हणजे मौन ही संमती मानली गेली होती. ३० नोव्हेंबर २०२३ च्या ग्राहक संरक्षणविषयक मार्गदर्शक तत्त्वांनी ग्राहकास भुलविणाऱ्या १३ रचना निषिद्ध ठरविल्या; वेषांतरित जाहिरात, सततचा तगादा आणि विषाणूचे भय दाखवून पैसे उकळणे ह्यांचा त्यांत समावेश आहे. त्याच वर्षीच्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्वक, बिनशर्त व निःसंदिग्ध असली पाहिजे असे म्हटले, आणि ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणेही सोपे असावे असा दंडक घातला. संमतीची पूर्वसूचना आठव्या अनुसूचीतील भाषांतून, अर्थात मराठीतूनही, वाचण्याचा पर्याय त्यात आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे.

हा अधिनियम वैयक्तिक माहितीपुरता आहे. प्रत्येक नोटिफिकेशन त्याच्या कक्षेत येईलच असे नाही. परंतु त्याने घालून दिलेली कसोटी मराठी परिभाषाकारांस उपयोगी पडावी. आज एका कळेने दिलेली अनुमती परत घेण्यास चार पायऱ्या उतराव्या लागतात. शिवाय ‘सूचना’ हा एकच शब्द टपालाची वर्दी, शासनाचा आदेश आणि विक्रेत्याची हाक ह्या तिहींसाठी वापरला जातो. चौकटीत ‘हे संकेतस्थळ बंद असतानाही तुम्हांस संदेश व जाहिराती पाठवू शकेल’ असे सरळ वाक्य आले, तर ‘अनुमती’ म्हणावे की ‘परवानगी’ हा वाद गौण ठरेल. वाचणाऱ्यास आपण कशास होकार देत आहो हे कळणे, ही पारिभाषिक शब्दाची पहिली पात्रता होय.